चौथ्या बास्केटचा राखणदार

भावोजींनी ताईची बोटं गाडीच्या दारात धरली आणि दार लावलं. नीट लागलं नाही म्हणून उघडून पुन्हा लावलं. हे ताईने मला दवाखान्यात सांगितलं, हात प्लास्टरमध्ये, डोळे छताकडे. डॉक्टरांना तिने सांगितलं होतं, दार लागलं. आईलाही तेच. आई फोनवर मला म्हणाली, "अगं, लागतं कधीकधी दार. तू उगाच राईचा पर्वत करू नकोस."

माझं डोकं मुळातच तापट. वेल्डिंग करते, दिवसभर ठिणग्या खाते, त्यामुळे असेल. मी तशीच उठले आणि भावोजींच्या ऑफिसात गेले.

भावोजींचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली, फक्त स्वतःच्या बायकोला सोडून. शिकणाऱ्याने गाडी खांबावर घातली तरी त्यांचा आवाज चढत नाही. "हरकत नाही, क्लच दाबा, पुन्हा करू." लोक म्हणतात, काय देवमाणूस आहे! घरीही त्यांचा आवाज चढत नाही. मारतानासुद्धा नाही. ताई म्हणते, ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान शेजारी तरी आले असते.

"या मेहुणीबाई," म्हणाले आणि शटर अर्धं खाली ओढलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या बरगड्यांत ठोसा मारला. मी टेबलाला धरून खाली बसले. श्वास आतही जाईना, बाहेरही येईना. भावोजी शेजारी उकिडवे बसले आणि शिकाऊ पोरांना सांगतात त्या सुरात म्हणाले, "घाई नाही. हळू घ्या श्वास. असं. उद्या सकाळी ताईला घरी नेतोय. आधी आपला खेळ होईल, ती गाडीत बसून राहील. तुम्ही नेहमीसारखं यायचं, हसायचं, खेळायचं. नाही आलात तर तिचा दुसरा हात आहेच."

म्हणजे उद्या ताई त्या गाडीत बसून परत त्या घरात जाणार. ती जायला तयारही झाली होती. "नाहीतर तुला मारून टाकतील गं," एवढंच म्हणाली. मी रात्रभर दातओठ खात बसले.

आमचा क्लब म्हणजे आठ-दहा टाळकी. मी काम करते त्या वर्कशॉपच्या मागे दगडाची जुनी खाण आहे, तिथे आम्ही डिस्क गोल्फ खेळतो. गोल्फच, पण चेंडूच्या जागी ताटलीएवढी डिस्क आणि खड्ड्याच्या जागी खांबावरचं लोखंडी बास्केट, वरून साखळ्या सोडलेल्या. डिस्क साखळ्यांवर आदळते आणि बास्केटमध्ये पडते. सगळी बास्केटं मीच वेल्ड केलीत. पहिल्याच फेकीत डिस्क आत गेली की बघणारे सगळे तिच्यावर सह्या करतात आणि ती वर्कशॉपच्या भिंतीवर टांगली जाते.

माझ्या दोन टांगल्यात. दोन्ही डोक्यावरून फेकलेल्या. बाकीचे सगळे डिस्क आडवी धरतात, कमरेत वळतात आणि ती झोकदार वळण घेत जाते. मी ती उभी धरते, अंगठा आतल्या कडेला अडकवते आणि खांद्यावरून घण घालावा तशी फेकते. ती उंच जाते, वर गेल्यावर कलंडते, पोट आभाळाकडे करते आणि सरळ खाली येते. पहिल्यांदा आत गेली तेव्हा क्लबातले पोस्टमनकाका म्हणाले होते, "हा खेळ आहे की लाकूडफोड?" दुसऱ्यांदा गेली तेव्हा तोंड वाकडं करून का होईना, सही केली. ते रिटायर झाले, पण सही अजून पार्सल घेतल्यासारखी करतात. तेव्हापासून मी दुपारच्या सुट्टीत चौथ्या बास्केटवर हात साफ करत असते. चौथ्यावर अजून कोणाचीच पहिल्या फेकीत गेलेली नव्हती.

चौथं बास्केट दगडांच्या ढिगाऱ्यामागे आहे. फेकणाऱ्याला दिसत नाही. म्हणून तिथे राखणदार उभा करायची पद्धत आहे. तिसरं बास्केट जो जिंकेल त्याने आधी आपली डिस्क टाकायची आणि मग ढिगाऱ्यामागे जाऊन थांबायचं. फेकणाऱ्याने ओरडायचं, "आली!" राखणदाराने उत्तर द्यायचं, "येऊ दे!" उत्तर आल्याशिवाय डिस्क हातातून सोडायची नाही. आवाज न देता टाकलेली हिशोबात धरायची नाही. आणि सगळ्यांच्या डिस्क पडेपर्यंत राखणदाराने जागा सोडायची नाही. ही शेवटची अट आम्ही देवळातल्या शपथेसारखी पाळतो, कारण एकदा आमच्यातला कंपाउंडर मध्येच लघवीला गेला आणि त्यावरून वर्षभर भांडणं झाली.

तिसरं बास्केट नेहमी भावोजीच जिंकतात. त्या दिवशीही जिंकले.

गाडी खाणीच्या कडेला उभी होती. काचेमागे ताई, मांडीवर प्लास्टर. भावोजींनी तिच्याकडे बघून हात हलवला, आपली डिस्क टाकली आणि शीळ घालत ढिगाऱ्यामागे गेले. आधी कंपाउंडरने टाकली, मग पोस्टमनकाकांनी. "आली!" "येऊ दे!" सगळं रीतसर. दोघांच्याही डिस्क ढिगाऱ्याला उजवीकडून वळसा घालून गेल्या. राखणदार उजवीकडेच बघत उभा असतो. आवाज आल्याशिवाय वर कोणी बघत नाही.

माझी पाळी आली. बरगड्यांमुळे मला कमरेत वळता येत नव्हतंच. मी डिस्क उभी धरली. आवाज दिला नाही. फेकली.

नेम कशावर होता म्हणाल, तर मला दोन्ही चाललं असतं. बास्केट किंवा डोकं.

डिस्क ढिगाऱ्याच्या डोक्यावरून गेली, कलंडली आणि खाली दिसेनाशी झाली. खळ्ळकन साखळ्या वाजल्या.

"गेली!" कंपाउंडर उडालाच. "चौथ्यात गेली!"

"पण हिने आवाज कुठे दिला?" पोस्टमनकाका म्हणाले. "धरता येणार नाही."

"विसरले," मी म्हणाले. "पुन्हा टाकते." पिशवीतून दुसरी काढली. ती जड होती. कंपाउंडर "अगं, आवाज..." म्हणेपर्यंत माझ्या हातातून सुटलीसुद्धा.

या वेळी साखळ्या वाजल्या नाहीत. ओल्या फडक्यावर काठी पडावी तसा आवाज झाला.

भावोजी ढिगाऱ्यावर चढून आले. कान वरून फाटला होता, कॉलर लाल झाली होती, हातात माझी डिस्क होती. कंपाउंडरच्या तोंडून निघून गेलं, "अहो मास्तर, जागा सोडली तुम्ही!" कोणत्या वेळी काय बोलावं याची त्याला अक्कल नाही.

भावोजी दगडांवरून सावकाश उतरले. "मेहुणीबाई," ते म्हणाले, त्याच मऊ आवाजात, "शिकवायला लागेल तुम्हाला." आणि डिस्कची कड माझ्या तोंडावर मारली. पुढचा दात जिभेवर आला. मी पडले. मग बूट. एकेका शब्दाला एकेक लाथ. "आधी. आवाज. मग. डिस्क." मी हातांनी डोकं झाकलं, तर बरगड्यांवर. बरगड्या झाकल्या, तर डोक्यावर. काहीतरी आत कडकन मोडलं. तोंडात रक्त आणि खडी.

बाकीचे उभे होते. ज्या माणसाने आपल्या पोरांना गाडी शिकवली तो हे करू शकतो, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. "अरे मास्तर... अरे, असं काय..." पोस्टमनकाका म्हणत होते आणि पाऊल काही उचलत नव्हते. मला भावोजींपेक्षा त्यांचा राग आला. अजूनही येतो.

आणि गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

मला जमिनीवरून फक्त चपला दिसल्या. ताई पळत नव्हती. पडदे शिवायच्या दुकानात काम करताना कापड मोजत चालायची तशी चालत आली आणि भावोजींच्या मागे थांबली. तिने प्लास्टरचा हात उचलला. वर, खांद्याच्याही वर, मी डिस्क धरते तसा. गाडीच्या काचेतून ती मला फेकताना कितीतरी वर्षं बघत होती.

"आली!" ती ओरडली.

हा शब्द कानावर पडला की आमच्यातला कोणीही असो, हातातलं टाकून वळतो आणि मान वर करतो. अंगात भिनलेलं आहे. भावोजींनीही केली. लाथ अर्धवट राहिली, ते वळले, मान वर झाली.

उत्तर द्यायला राखणदार जागेवर नव्हता. मी तोंडातलं रक्त थुंकले आणि होता नव्हता तो जीव काढून म्हणाले, "येऊ दे!"

प्लास्टर त्यांच्या नाकावर उतरलं. नाक फुटलं आणि प्लास्टरही फुटलं. ताईची किंकाळी त्यांच्यापेक्षा मोठी होती, कारण आत तिची मोडलेली बोटं होती. तरी तिने हात पुन्हा उचलला आणि पुन्हा घातला. भावोजी गुडघ्यांवर आले, चेहरा दोन्ही हातांत धरून, आणि ओरडायला लागले. शिव्या, आईवरून, बहिणीवरून, नुसतं गुरासारखं. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

प्लास्टरचे तुकडे खडीत पडले होते. ताईची बोटं काळीनिळी, फुगलेली, एक भलतीकडेच वळलेलं. तिने पोस्टमनकाकांकडे पाहिलं, मग कंपाउंडरकडे.

"दिसलं ना सगळ्यांना?"

"दिसलं, बाळा," पोस्टमनकाका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मग पोलिसांना हेच सांगा. माझं आणि यांचं, दोन्ही सांगा. दार लागलं म्हणून नका सांगू."

त्यांनी सांगितलं. एवढं मात्र सगळ्यांनी केलं. भावोजींनी ताईवर उलट तक्रार ठोकली, आणि चौकीत ती गेल्या गेल्या म्हणाली, "हो, मी मारलं, दोनदा." आईने ते ऐकून तोंडाला पदर लावला. दार कसं लागतं हे तिने नंतर कधी समजावून सांगितलं नाही.

ताई माझ्याकडे राहते. तिची दोन बोटं आता वाकत नाहीत. कात्री डाव्या हातात धरते, वाकडं कापते आणि मला शिव्या घालते, जशी काही तिची बोटं मीच मोडली होती. मला खोटा दात आहे आणि थंडीत बरगडी ठणकते. भावोजी क्लबात येत नाहीत.

चौथ्या बास्केटमधली माझी ती फेक क्लबने अजून धरलेली नाही. मी किती भांडले. पोस्टमनकाका हटत नाहीत. म्हणतात, आवाज दिला नव्हता, नियम म्हणजे नियम.

ताईची धरली. प्लास्टरचा सगळ्यात मोठा तुकडा भिंतीवर टांगलाय, सगळ्यांच्या सह्यांसकट. तिने आवाज दिला होता.