चार एकाहत्तर

मी गळ्यात अडकवायचं स्टॉपवॉच बोलतोय. किती वाजले ते मला कळत नाही. किती वेळ गेला, एवढंच कळतं. आणि कुणाचा वेळ कुणी खाल्ला, तेही.

माझी पहिली जागा ताईंच्या गळ्यात. ताई म्हणजे पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉलच्या प्रशिक्षक. मैदान मुलींना चार ते पावणेपाच मिळायचं. त्यानंतर अंधार पडेपर्यंत मुलांचं. पहिली पंधरा मिनिटं ताई चेंडूला पाय लावू द्यायच्या नाहीत. एका पायावर तोल सांभाळायचा, उडी मारायची आणि मांजरीसारखं अलगद उतरायचं, गुडघा आत वळू न देता.

"ताई, हा फुटबॉल आहे की सर्कस?" भिंगरी विचारायची. तिचं खरं नाव वेगळं, पण चेंडू घेऊन अशी गर्रकन वळायची की सगळ्या भिंगरीच म्हणायच्या.

"आधी उतरायला शीक, बाई. वळायला तू पोटातूनच शिकून आलीयेस."

मग मैदानप्रमुख साहेबांनी फर्मान काढलं. मुलांची स्पर्धा जवळ आली, मुलींना अर्धा तास पुरे. "मुलींचं काय, पळाल्या की झालं!"

ताई कडाकडा भांडल्या. मी त्यांच्या छातीवरच होतो, धडधड मोजत. पण मुलींची निवडचाचणी तोंडावर आलेली; खेळायला वेळ कुठून आणणार? त्यांनी पंधरा मिनिटांची पाच केली. ती पाच मी इमानानं मोजली. ओरडायला हवं होतं, पण माझं बटण दुसऱ्याच्या अंगठ्याखाली.

त्याच आठवड्यात भिंगरी तीस मीटर ४.७१ सेकंदांत पळाली. इतक्या वेगानं माझ्यासमोर कुणी पळालं नव्हतं. ताईंनी आकडा माझ्या पोटात साठवला. "हा कुणी पुसायचा नाही!"

नऊ दिवसांनी ती डोक्यानं चेंडू मारायला उडाली आणि उतरली. कुणाचा धक्का नाही, कुणी जवळही नाही. डावा गुडघा आत वळला. कट्कन आवाज आला.

"मुलींचे गुडघे नाजूकच," साहेब म्हणाले.

नाजूक! तयारीची दहा मिनिटं हिसकावून घ्यायची आणि वर गुडघ्यांनाच नावं ठेवायची!

गुडघ्यातला बंध तुटला होता, शस्त्रक्रिया झाली. व्यायाम मोजायला ताईंनी मला भिंगरीच्या हातात ठेवलं. पाय ताणून दहा सेकंद धरायचा, मग सोडायचा. तिची आई घरीच शिवणकाम करते. तिच्या टेपनं रोज मांड्या मोजायच्या. वापराविना आटलेली डावी अजून दोन बोटं बारीक आहे.

"आई, मोज ना."

"कालच मोजली. मांडी म्हणजे काय इडलीचं पीठ आहे, रात्रीत फुगायला?"

दुपारी लांबून मैदानावरची शिट्टी ऐकू येते, म्हणजे चार वाजले. भिंगरीची मान खिडकीकडे वळते. शिलाई मशीनशेजारच्या खिळ्यावर लटकलेला मी तरी दुसरं काय करतो? ती घामानं भिजलेली दोरी आठवतो. रेषा ओलांडून धापा टाकत ती यायची, "ताई, किती?" विचारायची. त्या 'किती'साठी मी जीव टाकतोय.

हल्ली माझी बॅटरी संपत आलीय, आकडे पुसट झालेत. आई म्हणते, बदल. भिंगरी नाही म्हणते, कारण बॅटरी काढली की साठवलेलं सगळं जातं. म्हणून मला बंद ठेवून ती तोंडानंच मोजते.

काल ताई आल्या. थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "हे दहा सेकंद नव्हेत. फार तर सात."

भिंगरीनं पाय खाली टेकवला.

"पंधराची पाच मी केली होती गं," ताई हळूच म्हणाल्या. "तू दहाची सात करू नकोस."

आज सकाळी तिनं मशीनच्या खणातला बारका स्क्रूड्रायव्हर घेतलाय. माझ्या पाठीचा पहिला स्क्रू निघाला. दुसऱ्याशी हात थबकलाय.

काढ, पोरी. मला शून्यापासून मोजायचंय. आधी तुझे पूर्ण दहा सेकंद, आणि मग मैदानावरची पुरी पंधरा मिनिटं, कुणीही मागितली तरी न देता.

आणि तुम्ही, जे ऐकताय, माझं एवढं काम करा. तीस मीटर, चार एकाहत्तर. लक्षात ठेवा. मी आता विसरणार आहे.