ज्याची भाकर त्याची गोष्ट

"सांग पटकन. पोरगं बंद खोलीपुढं उभं हाय. आतून कोनीतरी नखानं दार खरवडून राह्यलं. उघडाचं का पयाचं?"

भागिरथाबाईंनी तव्यावरची भाकर उलथली आणि ग्यानबाकडे पाहिलं. भाकर त्याची होती, म्हणजे बोलायची पाळीही त्याचीच. ताटली छातीशी धरून तो चुलीसमोर उकिडवा बसला होता.

"पयाला," ग्यानबा म्हणाला.

"कुठी?"

"घरी. जेवला अन् झोपला."

"मंग?"

"मंग काई नाई. सकाळ झाली."

बाईंनी भाकर त्याच्या ताटलीत टाकली, जरा जोरातच. पुढच्या पोराला त्यांनी नवं भूत दिलं, चिंचेवर बसलेलं, उलट्या पायांचं. त्या पोरानेही चिंचेची वाट सोडली आणि सरळ घर गाठलं. त्याच्या पुढच्याच्या गोष्टीतला पोरगा तर शाळेतच गेला नाही, तापाने पडून राहिला. दिवाळीनंतर बोर्डिंगातल्या सगळ्या गोष्टी अशाच संपत होत्या. कोणी दार उघडत नव्हतं, कोणी विहिरीत डोकावत नव्हतं. भुतं बिचारी नुसती वाट बघत बसत.

वाशीमला स्टेशनच्या अंगाला ते मुलांचं बोर्डिंग होतं. आसपासच्या खेड्यांतली, तांड्यांवरची पोरं तिथे राहून शाळा शिकत. भागिरथाबाई मूळच्या रिठदच्या. नवरा गेल्यावर इथे स्वयंपाकाला लागल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. त्यांचा बाप गावचा जागल्या. लहानपणी त्या बापासोबत माळ्यावर बसायच्या, आणि बाप भुताची गोष्ट सांगता सांगता मधेच थांबून विचारायचा, 'आता काय करावं, भागे?' ती म्हणेल तिकडे गोष्ट वळायची. तीच खोड बाईंच्या अंगी उतरली होती.

दुष्काळ सरला होता, पण बोर्डिंगात अजून रेशनची लाल मिलो ज्वारीच येत होती. मिलोची भाकर हातावर तुटते, थापायला वेळ लागतो, आणि भुकेली पोरं ताटल्या वाजवून जीव खातात. म्हणून बाईंनी हा खेळ काढला. ज्याची भाकर त्याची गोष्ट. भाकर तव्यावर पडली की ज्याची पाळी त्याने सांगायचं, पुढे काय व्हावं.

पावसाळ्यात त्यांनी गोष्टीत तीन दांडगे आणले. शाळेतली तीन मोठी पोरं. लहानग्यांच्या भाकरी हिसकणारी, त्यांच्याकडून पाय चेपून घेणारी. ते कोण, हे कोणाला सांगावं लागलं नाही. दहावीतला शेषराव आणि त्याचे दोन जोडीदार मागे भिंतीला टेकून बसलेले असत. लहान पोरांनी त्या तिघांचे गोष्टीत काय हाल केले! एकाला हडळीने वेणीने बांधलं, एकाला चकव्याने पहाटेपर्यंत शिवारभर फिरवलं. पोरं लोळून हसायची. बाईही हसायच्या. शेषराव तेवढा हसत नसे. तो भाकरीची वाट बघत बसायचा आणि कोण काय म्हणालं ते ऐकायचा.

आणि मग गोष्टी अशा मरायला लागल्या.

बाईंना चैन पडेना. आपलंच काही चुकतंय का? भुतं जुनी झाली का? पीठ मळताना त्या नवी नवी भुतं जुळवत आणि संध्याकाळी पोरं ती वाऱ्यावर सोडून देत. ग्यानबाचं कोपर सोललेलं दिसलं. विचारलं तर म्हणाला, पडलो. दुसरा एक अंधार पडायच्या आत मोरीला जाऊन यायची घाई करू लागला. शेवटी एक दिवस त्या अधीक्षकांकडे गेल्या. इंद्रभान सर खुर्चीवर बसून विजार शिवत होते.

"सर, पोट्टे भेऊन राह्यले. काहीतरी हाय."

"भिणारच," सर म्हणाले. "तुम्ही रोज त्यांना भुतं सांगता. बाई, आपण धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. आपणच पोरांना भुतं शिकवली तर कसं व्हायचं?"

"भूत नसते म्हनूनच त सांगतो मी. असतं त सांगतली असती का?"

सर हसले आणि त्यांनी सुईत दोरा ओवला. बाई परत आल्या. चूल पेटवताना त्यांचं लक्ष नव्हतं, दोनदा विझली.

त्याच संध्याकाळी सोमलाची पाळी आली. सोमला मंगरूळपीरकडच्या तांड्यावरचा, पाचवीत नवा आलेला. घरी गोरमाटी बोलायचा, त्यामुळे मराठी तोंडात अडखळायची, आणि मोठी पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करायची. म्हणून तो बोलायचंच टाळी. पाळी आली की मान हलवायचा आणि भाकर घेऊन जायचा. बाईंनी सवयीने विचारलं, "उघडाचं का पयाचं?" आणि हात पुढच्या गोळ्याकडे नेला.

"उघडलं," सोमला म्हणाला.

सगळी पोरं त्याच्याकडे बघायला लागली.

"काय म्हनला?"

"दार उघडलं त्यानं. आत गेला. तो... तो भेत नाई."

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पीठभरल्या हाताने मांडीवर थाप मारली. किती दिवसांनी कोणी दार उघडलं होतं! मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती सांगितली. खोलीतला अंधार, त्यातले दोन लाल डोळे, छतावरून लोंबणारे केस, आणि पोरगा सरळ जाऊन भुतालाच विचारतो, तुले कोनं कोंडलं? सोमलाचं तोंड चुलीच्या उजेडात फुललं होतं. बाईंनी त्याला शेवटची पोपडा आलेली भाकर दिली. बाकीची पोरं मात्र खाली बघून जेवत होती. ते बाईंच्या ध्यानात आलं, पण त्या रंगात होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओळीत सोमला नव्हता.

"सोमला कुठी हाय?"

 सर जिल्ह्याच्या कामाला गेले होते, शेवटच्या गाडीने येणार होते. बाई बाहेर जाऊन मोरीपाशी पाहून आल्या, खोल्यांत पाहून आल्या. परत येऊन त्यांनी पोरांना धमकावलं, गोंजारलं, पण कोणाच्या तोंडून शब्द निघेना. मागे भिंतीला टेकून शेषराव ताटलीवर बोटं वाजवत होता.

"घरी गेला असंन," तो म्हणाला. "आठोन आली असंन त्याले मायची."

"दप्तर इथं ठेवून?"

"मले काय मालूम?"

तेवढ्यात ग्यानबा हळूच म्हणाला, "मावशी, गोष्ट सांगा ना."

"पोट्टं सापडून नाई राह्यलं अन् तुले गोष्ट सुचते?" बाई खेकसल्या. पण ग्यानबा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. "सांगा ना," तो पुन्हा म्हणाला. "भाकर टाका अन् सांगा."

बाई चुलीपुढे बसल्या.  त्यांनी गोळा थापला आणि तव्यावर टाकला.

"एक पोरगं होतं," त्या म्हणाल्या. "शायेतून निंघालं. बोर्डिंगात आलं का नाई आलं?"

"नाई आलं," ग्यानबा म्हणाला.

भाकर कच्चीच होती, पण त्यांनी ती त्याच्या ताटलीत टाकली आणि दुसरी थापली. "टेशनाकडं गेलं का जिनिंगकडं?"

"जिनिंगकडं," पुढचा पोरगा म्हणाला.

"गोष्ट-बिष्ट बंद करा," शेषराव मागून म्हणाला. "भूक लागली."

"ज्याची भाकर त्याची गोष्ट. तुयी आली का बोल." बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "एकलंच गेलं?"

तिसऱ्या पोराने आधी मागे भिंतीकडे पाहिलं, मग म्हणाला, "तिघं होते संगं."

"काहून गेलं पन ते?"

आता पाळी कोणाची हे कोणी पाहिलं नाही. दोघं-तिघं एकदमच बोलले. "काल म्हनलं होतं ना, दार उघडतो म्हनून. गोष्टीत जे म्हनलं ते मंग करावं लागते, मावशी. सगळ्याइलेच."

बाईंचा हात परातीतच थांबला. दिवाळीपासून घरी जाऊन झोपणारी ती सगळी पोरं त्यांना आता कळली. ग्यानबाचं कोपर कळलं. आणि काल आपण मांडीवर थाप मारली, तेही कळलं.

"खोली कशाची? मातीची?"

"पत्र्याची. मागची. सरकीची."

बाई उठल्या. तव्यावर भाकर होती, ती बोटांनीच उचलून शेषरावपुढे घेऊन गेल्या. "हे तुयी. आता तू सांग. त्या पोराचं काय झालं?"

शेषरावने वर पाहिलं, मग खाली. "पयालं," तो म्हणाला. "घरी जाऊन झोपलं."

बाईंनी भाकर त्याच्या ताटलीत ठेवली, कंदील उचलला आणि बाहेर पडल्या.

दिवस नुकताच बुडाला होता. बंद पडलेलं कापसाचं जिनिंग बोर्डिंगच्या मागेच होतं, मधे बाभळीचं रान. बाई चपला न घालताच निघाल्या होत्या. काटे लागत होते, त्या थांबल्या नाहीत. मागे पावलं वाजली म्हणून वळून पाहिलं तर ग्यानबा होता, आणि त्याच्यामागे सगळी लहान पोरं, एकमेकांचे सदरे धरून.

पत्र्याच्या खोलीच्या कडीत लाकूड अडकवलेलं होतं. आतून खरवडल्यासारखा आवाज येत होता, हळू, थांबून थांबून. पोरं जागीच थिजली. तो आवाज बाईंनीच तर महिनोन् महिने तोंडाने काढून दाखवला होता. त्यांनी लाकूड उपसून फेकलं आणि दार ओढलं.

सोमला दाराशीच पडला होता. सगळा घामाने भिजलेला, अंगाला सरकीचा कापूस चिकटलेला, बोटांच्या टोकांना रक्त. कंदील पाहून तो ओरडला आणि मागे सरकला.

"मी हावो रे बापा, मी. भाकरीवाली."

त्याने ओळखलं नाही. बाईंनी त्याला उचलून घेतलं तेव्हा तो त्यांच्या खांद्याला चावला. त्यांनी चावू दिलं.

इंद्रभान सरांनी शेषरावला अंगणात सगळ्यांसमोर बडवलं आणि गावी धाडलं. पंधरवड्यात तो परत आला, कारण बोर्डिंग चालवणाऱ्या मंडळात त्याचा मामा होता. सोमलाला ताप भरला होता. ताप उतरल्यावरही तो झोपेत उठून बसायचा आणि हाताने हवा खरवडायचा. मग त्याचा बाप लालसिंग आला. पागोटं काढून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला.

"नेतो मी त्याले, बाई."

"शिकू द्या, भाऊ. हुशार हाय. मी माह्याजवळ झोपवतो त्याले, चुलीपाशी."

"तुमी चांगल्या हा. पन तो म्हनते, बापू, मले भीतीत नको ठेवू." लालसिंगने पागोटं पुन्हा डोक्याला गुंडाळलं. "माह्या तांड्यावर वाघ हाय, बाई. वाघाले नाई भेत तो."

बाई स्टॅण्डपर्यंत गेल्या. सोमला खिडकीशी बसला. मंगरूळपीरची गाडी सुटली तेव्हा तो बाईंकडे बघत होता की त्यांच्या मागच्या भिंतीकडे, ते त्यांना कळलं नाही.

गोष्टी बंद, असं सरांनी सांगितलं. सांगायची गरज नव्हती. पोरं मुकाट्याने भाकर घ्यायची. बाईंचा खांदा रात्री ठणकायचा, चावल्याचा व्रण तर केव्हाच मिटला होता.

होळीच्या आधी एका दुपारी त्या डाळ निवडत बसल्या होत्या. शेषराव येऊन दाराशी उभा राहिला. एकटाच. जोडीदार आता त्याच्याजवळ नसायचे. त्याची लहानग्यांशी दांडगाई थांबली होती, पण त्याच्या शेजारी बसायलाही कोणी तयार नव्हतं.

"मावशी, त्या पोराचं पुढं काय झालं?"

"कोन्या पोराचं?"

"खोलीतल्या. गोष्टीतल्या."

"मले कायले पुसतं? तुयीच भाकर होती. पयालं, घरी जाऊन झोपलं म्हनला ना तू?"

"ते खोटं होतं."

बाईंच्या हातातलं सूप थांबलं. या पोराची नरडी धरावी असं त्यांना कितीदा वाटलं होतं. आता तो समोर उभा होता, मिसरूड फुटलेला, डोळ्यांखाली काळं पडलेला, आणि त्यांना नुसता थकवा आला.

"मंग खरं काय ते पाहून ये," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डाळीत खडे शोधू लागल्या.

रविवारी शेषराव सकाळीच कुठेसा गेला. संध्याकाळी पोरं ओळीत बसली तेव्हा आला, पाय धुळीने भरलेले. हातपाय धुऊन तो मागे भिंतीकडे गेला नाही, चुलीपाशी येऊन टेकला.

"गेल्ता?" बाईंनी विचारलं.

"हाव."

"भेटला?"

"भेटला. बकऱ्या चारून राह्यला होता."

"येतो म्हनला का शायेत?"

"नाई."

"मंग काय म्हनला?"

शेषरावने बाहेर आलेलं लाकूड चुलीत सारलं. ओळीतली पोरं ऐकत होती. 

"काईच नाई म्हनला," तो म्हणाला. "फाट्यापासून उन्हाचा चालत गेल्तो मी. त्यानं पाह्यलं माह्याकडं. मंग चरवी उचलली अन् पानी पाजलं मले."

बाईंनी मान हलवली. तव्यावरची भाकर एका बाजूने करपून गेली होती. त्यांनी ती उतरवून आपल्यासाठी बाजूला ठेवली आणि दुसरा गोळा हातावर घेतला.