तळाची मूठ

पालमच्या बाजारात धोंडप्पाचं किराणा दुकान आहे आणि मागं घर. भिंतीला भिंत लागून मी राहतो, त्यामुळे त्या घरात काय शिजतं ते माझ्या नाकाला आधी कळतं, चुलीला मागाहून. येलदरीच्या धरणात मासा नुसता वळला तरी हे नाक इथं बसून सांगतं. खोटं वाटत असेल तर माशाला विचारा.

धोंडप्पाच्या शिवप्रकाशचं लग्न झालं, महेश्वरी सून म्हणून आली. गुणाची पोर, पण पोळी खाल्ली की पोट धरून बसायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हिला गहू चालायचा नाही, कणभरही नाही. आमच्या गल्लीतल्या तानुबाईला ते ऐकून घाम फुटला. "आगं, म्हंजे पुरणपोळीबी न्हाई? सणाला काय पाणी पिऊन बसायचं?"

सासू भागम्मानं मात्र परभणीहून ओट्स मागवले, गव्हाचा अंश नसलेले. सकाळी पातेलंभर शिजवायची आणि वर काय घालायचं ते ज्याचं त्यानं. धोंडप्पाला जवसाची चटणी आणि कच्चं तेल, शिवप्रकाशला केळं आणि गूळ, महेश्वरीला दूध-खारीक. मी भिंतीवरून वाटी पुढं करायचो, मला शेंगदाण्याचा कूट. त्या वाफेनं एकदा दुकानाच्या पाटीवरची अक्षरं लुसलुशीत झाली होती. मी बोटानं दाबून पाहिली.

"तिला एकटीला येगळं वाढलं तर घास उतरंल का?" भागम्मा म्हणायची. "सगळ्यांनी हेच खायचं."

तरी पोरीचं पोट दुखायचं थांबेना. वाळतच चालली. देवगाव फाट्याहून तिच्या वडिलांचा फोन आला, सोमवारी न्यायला येतो.

"आत्याबाई, मला जायचं न्हाई," महेश्वरी डोळे पुसत म्हणाली. "एकदा गेले की बाबा परत धाडायचे न्हाईत."

रविवारी भागम्मा नवं पाकीट डब्यात ओतायला लागली. मी वाटी घेऊन भिंतीवर हजर.

"वैनी, तळाला ते पांढरं काय दिसायलंय?"

"बरकतीची मूठ हाय, भावजी. डबा कधी रिता करायचा नसतो. आधीचं मूठभर ठेवायचं, मग वरून नवं..."

बोलता बोलता तिचा हात थांबला. त्या डब्यात आधी कणीक असायची. रोज वाटीनं ओट्स काढताना खालची कणीक वर येत होती.

तिनं डबा उचलला आणि सगळा गाईपुढं उपडा केला. राखेनं घासला, उन्हात ठेवला. तानुबाई धावत आली. "आगं भागम्मा, घरातली बरकत सांडलीस की!"

"बरकत आत निजलीय, पोट धरून," भागम्मा म्हणाली.

सोमवारी व्याही आले. भागम्मानं त्यांच्यापुढं गरम वाटी ठेवली. "पंधरा दिवस थांबा, इवाईबुवा. चूक माझ्या डब्याची होती, पोरीची न्हाई."

त्यांनी वाटी जवळ ओढली. मग म्हणाले, "जरा चटणी आना. गोड मला जमत न्हाई."

पंधरा दिवसांनी महेश्वरी भिंतीपाशी आली. गालावर रंग होता. "काका, वाटी धुवून देत जावा की!" मला दटावून ती आत गेली आणि कोरड्या डब्यात तिनं आधी मूठभर ज्वारी टाकली, मग ओट्स.

तेव्हापासून त्या डब्याचा तळ कुणी पाहिला नाही. अर्धं पालम खाऊन गेलं, मी मोजलंय.