दुपारचे व्होल्ट

आमच्या भाऊजींना, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाला, न येणारी गोष्ट अजून जन्माला यायची आहे. नळ ठिबकतोय? बोलवा भाऊजींना. ठिबकणारा नळ वाहायला लागतो ते सोडा, पण पाना हातात धरलेले भाऊजी दिसतात मात्र पट्टीचे कारागीर. तेव्हा मी अंडी उबवायचं यंत्र घेतलं आणि त्यासाठी छपरावर दोन सोलर पॅनेल बसवायची ठरली, तर पाना कोणाच्या हातात गेला हे विचारूच नका.

आमच्या घरापर्यंत विजेची तार येत नाही. यंत्र चालणार ते या पॅनेलवर आणि बॅटरीवर. ऊब तुटली की अंड्यातलं पिल्लू गेलंच, आणि पिल्लं गेली की नुकता कुठे उभा राहिलेला माझा धंदाही गेला.

पॅनेल आणि बॅटरीच्या मधे चार्ज कंट्रोलर नावाची डबी असते. आमची डबी शंभर व्होल्ट सोसते, वर गेलं की खलास. दोन पॅनेल शेजारी-शेजारी जोडली तर व्होल्ट एकाचेच राहतात. एकापुढे एक जोडली तर दोघांची बेरीज होते. भाऊजींना बेरीज हवी होती, कारण त्यात बारीक वायर चालते आणि बारीक वायर कशी सुबक दिसते!

दुकानदाराने मला बजावलं होतं, "ताई, थंडीत पॅनेलचे व्होल्ट चढतात. ही दोन शेजारी-शेजारीच जोडा." मी ते भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं.

"थंडीत?" भाऊजी पोट धरून हसले. "अगं, थंडीत माणूस आखडतो, व्होल्ट कसे चढतील? ऊन जितकं कडक, तितके व्होल्ट जास्त." त्यांनी वायरी एकापुढे एक जोडल्या आणि मीटर लावला. एकोणनव्वद. "हे बघ, अजून अकरा शिल्लक!"

भर दुपार होती, पॅनेलला हात लावला तर चटका बसत होता. भाऊजी सगळंच भर दुपारी मोजतात, कारण त्याआधी ते उठत नाहीत. ज्याने वर्षानुवर्षं सकाळ बघितली नाही त्याच्याशी सकाळच्या थंडीची कसली डोंबलाची चर्चा करायची? मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली मान घालून स्क्रू निवडत होते.

थंडी पडेपर्यंत ठीक चाललं. मग, पिल्लं फुटायला दोन-तीन दिवस उरलेले असताना, रात्रीत पारा घसरला. सकाळी अंगणातल्या बादलीत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. स्वच्छ ऊन त्या गारठलेल्या पॅनेलवर पडलं, डबीतून फट्ट आवाज आला आणि घरभर जळका वास सुटला.

बॅटरी रात्रभर यंत्र चालवून आधीच दमलेली. दुपारपर्यंत तीही संपली. सासूबाई चुलीवर पाणी चढवत राहिल्या. आम्ही दोघी बाटल्या भरभरून यंत्रात ठेवत होतो, गार झाल्या की काढत होतो. भाऊजी डोळे चोळत आले आणि म्हणाले, "डबीच फालतू निघाली. मी मोजलं होतं ना!" मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही जरा बाजूला व्हा." आयुष्यात पहिल्यांदा ते बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी नवी डबी आली. वायरी बदलेपर्यंत ती मी फक्त दुपारी, पॅनेल तापल्यावरच जोडत होते. अर्धी पिल्लं वाचली. उरलेली अंडी मी एकेक करून कानाशी धरली. आत काही हलत नव्हतं. मी रडले, लपूनछपून नाही, चांगली मोठ्याने रडले.

हे जवळ येऊन बसले. हळूच म्हणाले, "मला त्या दिवशीच शंका आली होती. दुकानदार मलाही तेच म्हणाला होता. पण दादाला चारचौघांत कसं सांगणार?"

भाऊजींवरचा माझा राग तिथेच विरला. त्यांना बिचाऱ्यांना कळतच नव्हतं. ह्यांना कळत होतं, आणि हे स्क्रू निवडत बसले!

पॅनेल शेजारी-शेजारी जोडायला मीच छपरावर चढायचं ठरवलं. शिडी धरायला हे पुढे आले.

"राहू द्या," मी म्हटलं, आणि सासूबाईंना हाक मारली.