उस्तादचा लाल

गॅरेजमध्ये त्याला सगळे उस्ताद म्हणत. ठोकलेल्या गाडीचं दार बदललं, की जुन्या रंगाशी नवा रंग तो असा जुळवायचा की गाडीच्या मालकालाही नवं दार ओळखू येऊ नये. म्हणून लाल दार विटकरी होऊन बाहेर पडलं तेव्हा त्याने रंगाच्या डब्याला शिव्या घातल्या. दुसरं दारही तसंच निघालं, तेव्हा दुकानदाराचा उद्धार केला. स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

संशय घेतला बायकोने. "अहो, त्या पायाच्या गोळ्या सुरू झाल्यापासूनच हे चाललंय." पायाच्या हाडात पू झाला होता आणि एक जबर अँटिबायोटिक महिनोन्‌महिने चालू होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याने तक्त्यावरची काळी अक्षरं खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली आणि बायकोकडे ऐटीत पाहिलं. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत लपलेला आकडा त्याला काही केल्या दिसेना.

"डोळ्याच्या नसेला सूज असू शकते. गोळ्यांमुळे असू शकते. हाडाच्या डॉक्टरांना विचारा."

हाडाचे डॉक्टर म्हणाले, "गोळ्या थांबवल्या तर पाय जाईल. डोळेवाल्यांकडून नक्की काय ते विचारून या." डोळेवाले म्हणाले, नक्की कसं सांगणार? हेलपाटे घालून उस्तादचा जीव मेटाकुटीला आला. "मी काय यांचा पोस्टमन आहे?" तो घरी भिंतीवर ओरडायचा. तिकडे लाल दिवसेंदिवस मातकट होत चालला होता.

शेवटी बायकोने उस्तादला घेऊन हाडाच्या डॉक्टरांसमोर बसून डोळेवाल्यांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला. "आता तुम्ही दोघंच बोला."

दोघं बोलले. बघता बघता ठरलं: ही गोळी बंद, दुसरी सुरू. पायही राहील.

उस्तादचा पारा चढला. "एवढंच होतं, तर आधी का नाही बोललात? तुमच्या भरवशावर गिळत होतो ना मी रोज!" मग तो फोनकडे वाकला. "लाल पहिल्यासारखा दिसेल?"

"दिसू शकेल," फोन म्हणाला. "थोडा उशीर झालाय."

दुसऱ्या दिवशी त्याने एका बॉनेटसाठी लाल कालवला, पत्र्यावर पट्टा मारला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग पत्रे ठोकणाऱ्याला हाक मारली. "जरा बघ रे, जुळलाय का?"

तो खो खो हसला. "उस्ताद, मला विचारताय?"

उस्तादने बाजूला सरकून त्याला पट्ट्यासमोर जागा करून दिली. तेव्हा त्याने हातोडी खाली ठेवली आणि मुकाट्याने जवळ येऊन बघू लागला.