हरिणीच्या खांद्यात राहिलेली गोळी

मी गोळी बोलतेय. आर्विद लाहतीच्या अख्ख्या खोक्यात माझ्याइतकी वेगवान कोणी नव्हती. तशा आम्ही वीसही जणी एकाच साच्यातल्या, पण बोलायची पाळी माझी आलीय, तर फुशारकी मारून घेते.

खोक्यावर कोल्ह्याचं चित्र होतं. माझं शिक्षण तेवढंच. पोटात मऊ शिसं, वर तांब्याचा पातळ पापुद्रा. चिमुकल्या जनावरात शिरायचं आणि फुटायचं, बस्स. पण उन्हाळ्यात आर्विदच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. मोठ्या बंदुकीचा दणका सोसवेना, आणि बासष्टाव्या वर्षी तसं सांगायची लाज. म्हणून मिशिगनच्या जंगलातल्या हरणांसाठी त्याने मला निवडलं.

त्याच्या थोरल्या बहिणीने, लेम्पीने, मला चिमटीत धरून पाहिलं.

"ही हरणाला? हाडावर आपटली की चुरा होईल हिचा."

"हरीण काय लोखंडाचं असतं?"

"ऐक जरा. कूस तुझ्याकडे करून आडवं उभं राहिलं तरच मार. पुढच्या पायाच्या मागे, फुफ्फुसांत. खांद्यावर नको."

"पन्नास वर्षं मारतोय लेम्पी. तू कॉफी ओत."

हंगामाच्या पहिल्याच सकाळी त्याने मचाणावरून मला सोडलं. हरिणी त्याच्याकडे तोंड करून तिरपी उभी होती. मी थेट खांद्याच्या हाडावर. चुरा झाला, बूड तेवढं आत राहिलं. ती पडली नाही, तीन पायांवर झाडीत शिरली. मला वाटलं, आर्विद मागोमाग येईल आणि तिला सोडवेल. कोणी आलं नाही.

नऊ दिवस आम्ही एकत्र काढले. मी सगळ्यांची टिंगल करते, तिची करवली नाही. बर्फ उकरून खायला पुढचा पाय लागतो, आणि तो लोंबत होता. ती आडवी व्हायची तेव्हा हाडाची टोकं एकमेकांवर घासायची. ते ऐकायला मी एकटीच. मग खांदा सडला.

दहाव्या दिवशी ती लेम्पीला दिसली. जाड आवरणाची जड गोळी, पुढच्या पायामागे, दोन्ही फुफ्फुसांतून आरपार. चाळीस पावलांत सगळं संपलं.

सोलताना खांदा हिरवा निघाला. लेम्पीने सुरीच्या टोकाने मला काढलं, धुतलं आणि शिकारीच्या झोपडीत आर्विदच्या कपाशेजारी ठेवलं. समोरच्या भिंतीवर त्याच्या शर्टाचा कापलेला तुकडा ठोकलेला होता. इथला रिवाजच तो. नेम चुकला की सगळे मिळून शर्टाचं टोक कापतात, हसतात, विषय संपतो. जनावर जखमी झालं तर मात्र सापडेपर्यंत बर्फात माग काढत फिरायचं. पठ्ठ्याने त्या पहिल्या सकाळी 'चुकली' म्हणून शर्ट पुढे केला होता. हसत हसत, म्हणे.

"असल्या गोळ्या इथे एकट्या तुझ्याकडे आहेत," लेम्पी म्हणाली.

आर्विदने मला बोटाने जरा पलीकडे सरकवलं. "मला खरंच वाटलं गं, चुकली."

"खाली उतरून, तिथपर्यंत चालत जाऊन बघितलंस का?"