घरचा राउटर

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या मशीनखाली गुडघे टेकून तिनं राउटर बाहेर ओढला. त्यावर चिंध्या आणि धुळीचा थर होता. बाहीनं तो पुसून तिनं लॅपटॉपची वायर जोडली.

"बिघडलाय का गं?" मावशींनी विचारलं. "माझं तर सगळं झकास चाललंय."

"बिघडलेला नाही, मावशी. याच्यात एक भोक राहिलंय. बाहेरचा कुणीही आत शिरू शकतो."

"अगं बाई! आणि तुझ्या बाबांना ठाऊक नव्हतं?"

"बाबांना कल्पना नव्हती हो," ती म्हणाली.

हे वाक्य तीन दिवसांत याआधी ती एकेचाळीस घरांत बोलली होती. आता ते न अडखळता तोंडातून यायचं.

भोक म्हणजे तरी काय? राउटरच्या पानावर तपासणीचा एक चौकोन होता. त्यात दुसऱ्या यंत्राचा पत्ता टाकला, की ते यंत्र जागेवर आहे का हे राउटरनं सांगायचं. पण त्या पत्त्याला कुणी आणखी एक हुकूम चिकटवला, तर राउटर तोही मुकाट्यानं पाळायचा. शेजारी घरात आहेत का बघ, आणि येताना त्यांच्या कपाटाची किल्ली घेऊन ये, असं सांगावं आणि निरोप्यानं दोन्ही करून मोकळं व्हावं, तसा. बनवणाऱ्या कंपनीनं हे मॉडेल कधीच वाऱ्यावर सोडलं होतं.

बाबांनी मात्र ही फट फार पूर्वी हेरली होती. कुणी पासवर्ड विसरलं, कुणाचा राउटर अडकला, की बाबा आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्या चौकोनातून आत शिरायचे आणि दुरुस्त करून टाकायचे. त्यासाठी आसपासच्या पासष्ट घरांत त्यांनी हाच राउटर बसवला होता आणि बाहेरून आत येण्याची वाट उघडी ठेवली होती. त्याच वाटेनं परकंही कुणी येऊ शकतं हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल, असं ती धरून चालली होती. लोक त्यांना जादूगार म्हणायचे. बाबा वरवर नाही म्हणायचे, पण मनातून खूश व्हायचे. दुकानात कुणी नको त्या वस्तूला हात लावला, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आगाऊपणा इथं चालणार नाही!" ऐकणारा हसायचा, पण हात मागे घ्यायचा.

गेल्या आठवड्यात नर्सबाईंच्या घरी पाळण्यावरच्या कॅमेऱ्यातून एक परका पुरुष बोलला. त्यांच्या चार महिन्यांच्या बाळाशी, बाळाचं नाव घेऊन. तेव्हापासून नर्सबाई लेकराला कडेवरून खाली ठेवत नव्हत्या. तिनं दोन दिवस डोकं खपवून तो माणूस कुठून आला हे शोधलं. तो त्या चौकोनातूनच आला होता.

"इथूनच सगळी भोकं बुजव की," बाबा म्हणाले होते. "घरोघरी दवंडी कशाला पिटायची?"

"आत कोण कोण येऊन गेलं असेल कुणास ठाऊक. लोकांनी पासवर्ड बदलायला हवेत. त्यांना कळायला हवं, बाबा."

"दुकानाची अब्रू जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि घरांची यादी बॅगेत टाकून निघाली.

प्रत्येक घरी काम एकच. त्याच फटीतून आत शिरायचं, चौकोनात पत्त्यातले आकडे आणि टिंबं सोडून काही चालणार नाही अशी सोय करायची, आणि बाहेरची वाट बंद करायची. एकदा भोक बुजलं, की तिलाही तिथून पुन्हा जाता येणार नव्हतं. मावशींचं उरकून ती दुपारी जेवायला घरी आली. हात धुता धुता तिला वाटलं, आपलाही करून टाकावा.

"तो राहू दे गं," खिडकीत बसलेले बाबा म्हणाले. "घरचाच तर आहे. आधी जेव."

"दोन मिनिटांचं काम."

तिनं चौकोनात पत्ता टाकला, पुढे हुकूम जोडला. राउटरनं तो पाळला नाही; पडद्यावर नुसती ओळ उमटली.

आगाऊपणा इथं चालणार नाही.

तिला आधी हसूच आलं. मग ओळीखालची बदल केल्याची तारीख दिसली. अकरा वर्षांपूर्वीची. आठ दिवसांच्या लेकीला दवाखान्यातून घेऊन ती या घरी आली होती, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

ती वळली. बाबा चष्म्याची एकच काच पुसत होते.

"यात धोका आहे, हे तुम्हाला माहीत होतं."

"घरात बाळ आलं होतं," बाबा म्हणाले. "बाकीचेही करणार होतो. पण मग बसल्या जागेवरून कुणाचं काही करता आलं नसतं. उद्या बघू, उद्या बघू म्हणत राहून गेलं."

तिला त्यांचा भयंकर राग आला. आपली लेक मात्र या घरात अकरा वर्षं निर्धास्त झोपली, हेही त्याच क्षणी आठवलं, आणि त्यामुळे ती जास्तच चिडली. ताट तसंच झाकून ठेवून तिनं लॅपटॉप बॅगेत घातला.

"तेवीस घरं राहिलीत," ती म्हणाली. "चपला घाला. तुम्हाला कल्पना नव्हती, हे मी आता सांगणार नाही. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

बाबांनी चष्मा लावला. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून ते उठले आणि पायानं चपला चाचपू लागले.

"आधी नर्सबाईंकडे जाऊ," ते म्हणाले.

"तिथलं पहिल्याच दिवशी झालंय, बाबा."

"राउटरचं झालंय," बाबा म्हणाले, आणि तिच्या आधी दाराबाहेर पडले.